तिसऱ्या भागाचा शिक्का

सोमवारी आमच्याकडे कुणाच्या डोक्याला कात्री लागत नाही. दाढी-कटिंगची सगळी दुकानं त्या दिवशी बंद, माझंही बंद. पण बंद म्हणजे नुसता दाराचा पडदा ओढलेला. आत तिन्ही खुर्च्या भरलेल्या असतात. पहिलीत मित्सुएसान, दुसरीत कान्जीसान आणि तिसरीत मी, मांडीवर घडी घालायचे टॉवेल घेऊन. समोर आरसा, आरशाच्या वर टीव्ही. तीन म्हातारी माणसं कटिंगच्या खुर्च्या मागे रेलून दुपारभर अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांच्या मालिका, बघतात. बाहेरून कुणी डोकावलं तर म्हणेल, यांना वेड लागलंय. लागलंय तर लागलंय, तुमच्या बापाचं काय जातं?

मी साठीला टेकले, पण या दोघांसाठी मी अजून फुमीचानच, म्हणजे छोटी फुमी. माझे वडील याच खुर्चीत कान्जीसानची दाढी करायचे तेव्हा मी शाळेच्या दप्तरासकट कोपऱ्यात बसलेली असायची. त्यामुळे या माणसाबद्दल मी जे सांगेन ते ऐकीव नाही.

नारिसावा कान्जिरो. अडतीस वर्षं तांदळाचा तपासनीस. शेतकरी पोती घेऊन गोदामात यायचे, हा एक पोकळ टोकदार नळी पोत्यात खुपसायचा, मूठभर दाणे काळ्या ताटलीत पसरायचा, खाली वाकून बघायचा आणि शिक्का मारायचा. पहिली प्रत, दुसरी प्रत, तिसरी प्रत, नाहीतर बाद. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती या माणसाने अडतीस वर्षं पगार घेऊन केली. त्याच्या शिक्क्यावर कुणी वाद घातला नाही. घालायची हिंमतच नव्हती म्हणा, पण गरजही पडली नाही. हाताला खरा होता.

निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. लग्नात कुणाचं भाषण संपलं की शेजारच्याच्या कानात, 'दुसरी.' माझी आई गेली तेव्हा देवळातल्या भिक्षूंनी मंत्र म्हटले, तर हे अंगणात येऊन म्हणतात, "आवाज पहिल्या प्रतीचा, पण मधे दोन ओळी गाळल्या." मी सुतकात, डोळे सुजलेले, आणि मला हसू फुटलं. माझ्या आत्याने माझ्याशी सहा महिने बोलणं टाकलं.

अ‍ॅनिमेची गोडी त्यांना मित्सुएसानने लावली. सुदा मित्सुए माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नवरा एइसाकू जाऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर तिने माशाच्या वड्यांच्या कारखान्यात काम केलं. वडी कापली की आत फूल नाहीतर पक्षी दिसतो ना, तसल्या चित्रांच्या वड्या. दिवसाला हजारो पक्षी कापणारी ही बाई पडद्यावरच्या चित्रांवर जीव टाकते. रात्री लागणाऱ्या मालिका रेकॉर्डरवर घेऊन ठेवायचं काम माझं आणि त्यातून निवडायचं काम तिचं. कान्जीसानची बायको वारली त्या वर्षी ते एकदा सोमवार विसरून केस कापायला आले. दार उघडं होतं, टीव्ही चालू होता. बसले ते बसलेच.

अ‍ॅनिमे बघणाऱ्या पोरांची एक रीत आहे. नव्या मालिकेचे तीन भाग बघायचे. तिसऱ्या भागापर्यंत पकड घेतली नाही तर कापून टाकायची. दर तीन महिन्यांनी चाळीस-पन्नास नव्या मालिका येतात, सगळ्या बघत बसलं तर माणसाने जेवायचं कधी? ही रीत मी सांगितली तेव्हा कान्जीसान असे खूश झाले की विचारू नका. "म्हणजे नमुना!" म्हणाले. पुढच्या सोमवारी शहरातून रबरी शिक्के करून घेऊन आले, चारही. तेव्हापासून दर हंगामाला तीन मालिका निवडायच्या, तीन भाग झाले की ते शिक्के मारणार आणि तो कागद मी दाराच्या काचेवर आतून चिकटवणार. हायस्कूलच्या पोरी सायकली थांबवून वाचतात. एकीने तर मला विचारलं, "आजोबा नक्की कुठल्या स्टुडिओत होते?"

"तांदळाच्या," मी म्हटलं.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिल्याच सोमवारी मित्सुएसान आली ती कपड्याच्या पिशवीत भातवड्या घेऊन, आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलली. तिची सवय तशीच आहे. दुखणं असो की दिवाळखोरी, हवामान सांगावं तसं सांगते.

"डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते. उजव्याचं मधलं गेलंय. डाव्याचंही चाललंय. कडेचं दिसत राहील म्हणे, पण मधलं नाही. तोंडं नाही दिसणार."

"औषध?" मी विचारलं.

"थेंब दिलेत. मला वाटतं, माझी समजूत घालायला. शरद ऋतूपर्यंत पुरतील म्हणाला, डोळे, थेंब नाही." मग तिने कान्जीसानकडे मान वळवली. "तेव्हा ऐका. हा एक हंगाम मी नीट बघू शकते. मला तीन मालिका नकोत. एकच हवी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बारा भाग. तिसऱ्या भागाला तुम्ही शिक्का मारा, ती मी घेणार. मला निवडता येत नाही. मला सगळंच आवडतं."

कान्जीसान म्हणाले, "बरं."

बस, एवढंच. मी किटली घेऊन मोरीत गेले, कारण रडणं माझ्या स्वभावात नाही.

तीन मालिका होत्या. एक तलवारबाजांच्या शाळेची. पहिल्याच भागात गुरूचा खून, दुसऱ्यात पूल कोसळला, तिसऱ्यात खुनी म्हणजे नायकाचा सख्खा भाऊ निघाला. रंग असे की आरशातसुद्धा झळकायचे. दुसरी एका खानावळीची, गोड होती, दर भागाला एक पदार्थ. आणि तिसरीचं नाव 'मिठाची वाट.' दोन बहिणी समुद्रकाठी मीठ करतात आणि बैलावर लादून डोंगरापलीकडे नेतात. म्हणजे नेणार असतात. पहिल्या भागात त्या खारं पाणी उकळतात. अख्खा भाग उकळतात. दुसऱ्या भागात मीठ पोत्यात भरतात आणि खिंडीतला बर्फ वितळायची वाट बघतात. तिसऱ्या भागात बैलाच्या खुरात काहीतरी होतं, म्हणून आणखी वाट बघतात.

"ही बाई निघणार आहे की नाही?" मी तिसऱ्या भागाच्या मध्यावर ओरडलेच. "मी एवढ्यात पायी जाऊन परत आले असते!"

"बैलाचं खूर आहे, फुमीचान," मित्सुएसान म्हणाली. "त्याला घाई करून चालत नाही."

कान्जीसानचा हनुवटीला हात होता. भाग संपला. मी टीव्ही बंद केला, कागद पुढे ठेवला, शाईची डबी उघडून दिली. खानावळीला त्यांनी दुसरी प्रत मारली. तलवारीला पहिली, आणि ती बरोबरच होती, कुणीही मारली असती. मग 'मिठाची वाट.' त्यांनी 'बाद'चा शिक्का उचलला. शाईत टेकवला. कागदाच्या वर धरला. आणि धरूनच राहिले.

"काय झालं?" मित्सुएसानने विचारलं. तिला हात दिसत होता, बोटं नव्हती दिसत.

कान्जीसानने शिक्का पुसून डबीत ठेवला. "पुढच्या सोमवारी," म्हणाले, टोपी घातली आणि निघून गेले. चहासुद्धा तसाच. मी त्यांना पन्नास वर्षं ओळखते, या माणसाने 'पुढच्या वेळी' असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मला राग आला, स्पष्टच सांगते. त्या बाईचे डोळे दिवसागणिक चाललेत आणि हे आठवडाभर विचार करणार? मी मंगळवारी संध्याकाळी दुकान बंद करून, लोणच्याचा डबा हातात घेऊन त्यांच्या घरी गेले. डबा निमित्ताला. पायरीवरच सुरू केलं.

"तलवारीला पहिली मारलीत ना? मग ती बघू द्या तिला. एवढं काय त्यात?"

"आत ये, बस."

"बसायला नाही आले मी. 'मिठाची वाट' बाद आहे की नाही, एवढं सांगा."

"तीन भागांवर म्हणशील तर बाद आहे," ते म्हणाले. "बघायचं होतं ते मी बघितलं. पण मी एकदा असाच मारलाय शिक्का. तिच्याच घरावर."

मग मी बसले.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली उन्हाळा आलाच नव्हता. समुद्रावरून गार वारा सुटलेला, लोक ऑगस्टमध्ये गरम बंड्या घालून शेतात. शरदात पोती गोदामात आली तेव्हा निम्म्या शेतकऱ्यांची तोंडं पडलेली. एइसाकू, म्हणजे मित्सुएसानचा नवरा, बेचाळीस पोती घेऊन आला तो शेवटचा. संध्याकाळचे पाच, बाहेर पाऊस, कान्जीसानचा गुडघा सकाळपासून ठणकत होता. नियम असा की ढिगात हात घालायचा, पुढून, मधून, मागून, आणि मगच ठरवायचं. कान्जीसानने पुढची तीन पोती घेतली. तिन्हींत हिरवे दाणे, पोट पांढरं पडलेले दाणे. तिन्ही सारखी. त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस पोत्यांवर तिसऱ्या प्रतीचा शिक्का मारला.

"एइसाकूची अकरा वर्षं सलग पहिली प्रत होती," कान्जीसान म्हणाले. "प्रशस्तिपत्रकं फ्रेम करून बैठकीत लावलेली. त्याने शिक्का बघितला, टोपी काढून 'आभारी आहे' म्हणाला आणि गेला."

"मग?"

"थंडीत त्यांच्याकडे एका कार्याला जेवायला गेलो. घरच्यासाठी ठेवलेला तांदूळ, त्याच राशीतला. पहिला घास घेतला आणि मला कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पिंपात हात घातला. फुमीचान, तो पहिल्या प्रतीचा तांदूळ होता. त्या वाईट सालातला."

पुढची तीन पोती पाणी शिरतं त्या बाजूच्या वाफ्यातली होती. डोंगरातलं गार पाणी आधी तिथे येतं, तिथलं पीक मागे राहतं, शेवटी कापलं जातं, म्हणून लादताना तीच पोती पुढे येतात. हे शाळकरी पोरालाही माहीत. कान्जीसानला माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी बघितलं नाही.

"आणि तुम्ही एइसाकूसानला सांगितलं नाही?"

"नाही."

"आणि त्याच बैठकीत बसून जेवलात, भिंतीवरच्या फ्रेमा बघत?"

"फ्रेमा नव्हत्या. खुणा होत्या भिंतीवर."

मी लोणच्याचा डबा तिथेच ठेवला. राग गेला नव्हता, पण आता तो कुठे ठेवावा ते कळेना. इतकी वर्षं ज्या हाताला खरा म्हणत आले तो हात समोर गुडघ्यावर पालथा पडलेला.

"अडचण काय ते कळतंय का तुला?" ते म्हणाले. "पोत्यात निदान नळी घालता येते. पुढचे भाग अजून बनायचेत, त्यात मी काय खुपसू? थांबा म्हटलं आणि नंतर फुसकं निघालं, तर तिचा शेवटचा हंगाम मी मातीत घातला. कापा म्हटलं आणि पुढे चांगली निघाली, तर पुन्हा तेच. त्याच घरावर."

"मग तलवार घ्या आणि मोकळे व्हा."

"तलवार चांगली आहे," ते म्हणाले. एवढंच.

त्या आठवड्यात त्यांनी जे केलं ते त्यांच्या शेजारणीने मला सांगितलं आणि मला हसावं की रडावं कळेना. शहरात जाऊन 'मिठाची वाट' ज्याने काढली त्याच दिग्दर्शकाची आधीची मालिका भाड्याने आणली. एका विहीर खणणाऱ्या म्हाताऱ्याची, चोवीस भाग. चार दिवस पडदे लावून बसले. प्रत्येक भागाला वहीत शिक्का. शनिवारी मी गेले तर दाढी वाढलेली, डोळे लाल आणि समोर वही. पहिले चार भाग तिसरी प्रत. पाचवा दुसरी. सहावा-सातवा पुन्हा तिसरी. आठव्यापासून पहिली, शेवटपर्यंत, एकही चुकार नाही.

"हा माणूस गार पाण्याच्या बाजूची पोती पुढे लावतो," कान्जीसान म्हणाले, आणि शपथेवर सांगते, ते खूश होते. "शेतकरी तोच आहे. पण साल वेगळं. त्यामुळे खात्री नाही."

"दाढी करा आधी," मी म्हटलं. "नाहीतर मी सुट्टीच्या दिवशी वस्तरा काढीन."

सोमवारी मित्सुएसान तिच्या खुर्चीत, ते त्यांच्या. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवून घेतली आणि सगळं सांगितलं. आधी विहीरवाल्या म्हाताऱ्याचं, शिक्क्यांसकट. मग, दम न घेता, त्या बेचाळीस पोत्यांचं. मी टॉवेलच्या घड्या घालत राहिले. एकाच टॉवेलची मी पाच वेळा घडी घातली असेल.

मित्सुएसानने पूर्ण ऐकून घेतलं.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"पोती लादताना मी एइसाकूला म्हटलं होतं, पाण्याकडची पुढे नको लावू, मागे टाक. तो म्हणाला, असू दे, कान्जी आहे आज. तो मधलं पोतं बघितल्याशिवाय शिक्का मारत नाही."

बाहेर कुणाची तरी सायकल थांबली, काचेवर कागद नाही हे बघून पुढे गेली. कान्जीसानने मान खाली घातली. अगदी खाली, आमच्याकडे माफी मागताना घालतात तेवढी, आणि खुर्चीतून उतरून ते जमिनीवर बसायला लागले तसं मित्सुएसानने त्यांच्या बाहीला धरलं.

"फरशीवर केस असतात, उठा. मी तीस वर्षं रागावून बघितलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. एइसाकू तर दोन वर्षांतच विसरला. म्हणजे तसं म्हणायचा." मग ती म्हणाली, "आता मला सांगा, डोळे तुमचे असते तर तुम्ही काय बघितलं असतं?"

"मीठ," कान्जीसान म्हणाले.

"मग मीठ."

झालं. त्या हंगामात काचेवर कागद लागलाच नाही. हायस्कूलच्या पोरींना मी सांगितलं, आजोबांची शाई संपलीये.

चौथ्या भागात बैल बरा झाला. पाचव्यात त्या निघाल्या, पण पावसामुळे पहिल्याच वस्तीवर अडकल्या. मी बोलणं सोडून दिलं होतं. कान्जीसान प्रत्येक भागाला पुढे सरकून बसायचे. मित्सुएसान मात्र मागे रेलून, डावा डोळा पडद्याला लावून, चेहरा जरासा तिरका ठेवून बघायची, आणि खुशीत असायची. तिला घाईच नव्हती. ज्या बाईकडे सगळ्यांत कमी वेळ होता तिलाच नव्हती.

सहाव्या भागाला तिने विचारलं, "फुमीचान, टीव्हीचा उजेड कमी केलास का?"

मी नव्हता केला. मी "हो गं, वीज वाचवते" म्हटलं आणि उजेड वाढवायचं बटण दाबलं. तो आधीच पूर्ण वाढवलेला होता.

डॉक्टरने शरद म्हटला होता. डोळ्यांनी जून गाठला नाही. मे संपता संपता तिला कपाची कड दिसायची, कप नाही. दाराची चौकट दिसायची, दारात कोण उभंय ते नाही. मी एकदा समोर उभी राहिले तर म्हणाली, "कानांवरून तू फुमी वाटतेस." मी तिला घरापर्यंत सोडायला जाऊ लागले.

आणि आठव्या भागाला 'मिठाची वाट' उघडली.

कशी ते मी नाही सांगू शकत. दोघी खिंडीत पोचल्या, धुकं आलं आणि धाकटीने एक प्रश्न विचारला, साधाच, आई गेली त्या दिवशी तू कुठे होतीस? आणि आधीच्या सात भागांतलं प्रत्येक वाट बघणं, ते उकळणारं पाणी, ते खूर, सगळं एकदम त्या प्रश्नामागे येऊन उभं राहिलं. माझ्या अंगावर काटा आला. मी, जी तिसऱ्या भागाला ओरडले होते. कान्जीसानने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. थोरलीने उत्तर दिलं नाही. तिचा चेहरा नुसता पडद्यावर राहिला, कितीतरी वेळ, आणि त्या चेहऱ्यावर काय काय नव्हतं!

मित्सुएसान पडद्याकडे बघत होती. तिच्या नजरेत त्या चेहऱ्याच्या जागी काय होतं ते तिलाच ठाऊक. करडा डाग, ती म्हणाली होती एकदा.

भाग संपल्यावर कान्जीसान मोरीत आले. मी कप विसळत होते. पाणी पडत होतं, तरी त्यांनी आवाज बारीकच ठेवला.

"पहिल्या प्रतीची आहे," म्हणाले. "आणि तिला दिसत नाही. मी बरोबर ठरलो, फुमीचान. बरोबर ठरलो आणि तिचा हंगाम खाल्ला. तलवार घेतली असती तर डोळे होते तोवरच्या सहा भागांतच भरपूर बघून झालं असतं तिचं."

"हो," मी म्हटलं. मलाही तेच वाटत होतं. मला त्यांचा रागही आला आणि इतकी दयाही आली की कप हातातून सुटला.

नवव्या भागाला त्यांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली. पडद्यावर जे होईल ते सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं, तिला न विचारताच. वाईट सांगायचे. गोदामातला अहवाल वाचावा तसं.

"धुकं आहे. बैल उभा आहे. धाकटी बैलाच्या डावीकडे. थोरली खडकावर बसली आहे. हात मांडीवर."

"हं," मित्सुएसान म्हणायची. "हं." अर्धा भाग तिने तसंच चालू दिलं. मग पडद्यावर सगळं थांबलं, नुसता वारा, आणि कान्जीसान म्हणाले, "थोरलीचा चेहरा आहे आता. ती... डोक्याला फडकं आहे तिच्या, पांढरं. ती बघते आहे, समोर. कसं सांगू तुम्हाला."

"रडत नसेल ती," मित्सुएसान म्हणाली.

"नाही. रडत नाहीये."

"खालचा ओठ आत ओढला असेल. मीठ तोलताना ओढायची तसा."

कान्जीसान पुढे वाकले. मीही वाकले. ओढला होता.

"आणि फडक्याची गाठ डाव्या कानामागे, बरोबर? बैलाचा दोर उजव्या खांद्यावर घ्यायचा असतो तिला, म्हणून उजवीकडे कधीच बांधत नाही. पहिल्या भागापासून." तिने डोळे मिटले, उघडे ठेवून तिला फारसा फायदा नव्हताच. "अहो, तीन भाग काहीच घडलं नाही ना. मग मी काय करत होते? तिच्या तोंडाकडेच बघत होते. आता नुसता आवाज आला तरी मला दिसते ती. त्या तलवारवाल्यांतलं एकही तोंड मला आठवत नाही. तुम्ही नका सांगू इतकं. आवाज ऐकू येत नाही तुमच्यामुळे."

पडद्यावर थोरली अजून तशीच होती. कान्जीसानने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि त्या गाठीकडे बघत राहिले.

"मी तिन्ही भाग बघितले होते," ते म्हणाले. "मला ही गाठ दिसली नाही."